दारावरचं कमळ

आलमबागच्या त्या दुकानात मी शिरले ती निव्वळ धुक्यामुळे. अठ्ठ्याण्णव सालचा जानेवारी, लखनौचं धुकं… नेहमीच्या स्टुडिओपर्यंत जायला रिक्षावाला तयार होईना, आणि समोर पाटी दिसली — स्कॅनिंग, मोठे प्रिंट. आत यश चांदोरकर. आडनाव ऐकून मी खुशीत मराठीत सुरू झाले, तर साहेबांना सगळं समजत होतं, पण उत्तर मात्र हिंदीत. मी जरा फुरंगटलेच.

काम साधं होतं. आमच्या वनस्पती संशोधन संस्थेच्या प्रदर्शनाच्या दारावर मी काढलेला कमळाचा फोटो लावायचा होता, चांगला दाराएवढा रुंद. त्याने फोटो स्कॅन करून पडद्यावर मोठा केला, आणि पाकळीच्या कडेला नुसते चौकोन दिसायला लागले.

"इतने में नहीं होगा," तो म्हणाला. "निगेटिव्ह लाइए."

निगेटिव्ह नेली. ती त्याने इतक्या हळुवार फुंकरीने साफ केली की मला उगाचच… जाऊ दे. स्कॅनरचा दिवा सरकत राहिला, आम्ही चहा प्यायलो. तो माझ्याकडे बघतोय असं वाटलं म्हणून मी वळले, तर नजर पडद्यावर. चित्र बारीक यायला इंचात अजून ठिपके हवेत, परवा या, म्हणाला. परवा गेले, तर म्हणे कडा नीट नाही, पुन्हा या. हा कामाचा पक्का आहे, की… मला काही कळेना.

घरी आई मागे लागली होती. नागपूरच्या स्थळाला रविवारी होकार कळवायचा होता. मुलगा चांगला, मग नको म्हणायला कारण काय सांगू? एक माणूस मला सारखा परत बोलावतो, हे? आणि तो खरोखर ठिपकेच बघत असला तर माझं हसं व्हायचं.

शनिवारी मी संस्थेतल्या, फोटोंचं काम बघणाऱ्या सुबोध सरांपाशी कुरकुरले. ते हसले. म्हणाले, हातात धरून बघायच्या फोटोला इंचामागे तीनशे ठिपके लागतात. दारावरचा फोटो लोक लांबून बघणार, त्याला शंभर पुष्कळ. निगेटिव्हचा पहिलाच स्कॅन चालला असता.

मी तडक आलमबाग गाठलं.

"हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"पता था." त्याचे कान लाल झाले.

"मग मला का बोलावत होतात?"

त्याने टेबलामागून एक गुंडाळी काढून उलगडली. माझं कमळ… सुरेख छापलेलं, एकही चौकोन नाही.

"हे… केव्हाच झालं," तो अडखळत मराठीत म्हणाला. त्याच्या तोंडून मराठी मी पहिल्यांदाच ऐकत होते. "दिलं असतं, तर तुम्ही परत आला नसता. मला तुम्ही… आवडता." मग हळूच, "आईला विचारून ठेवलं होतं, कसं म्हणतात ते."

मला इतका आनंद झाला की गुंडाळी नीट गुंडाळताही येईना.

"उद्या सकाळी घरी या," मी म्हटलं. "आई कारण विचारणार आहे."

"कारण? किस बात का?"

मी सांगितलं नाही. गोंधळायची पाळी आता त्याची होती.