कापलेली कबर

उद्या शहरात कुठली प्रदर्शनं बघायची हे ठरवतच आहात, तर माझंही ऐका. नदीकाठच्या दालनात जुन्या लाकडी मूर्ती आल्यात, त्या बघा. मठातली नवी चित्रं बघा. लेनार्ट, तुला नाही कळली तरी मान डोलवत राहा, वीबकेसमोर तेवढं पुरेल. आणि मग काळ्या मातीतल्या पहिल्या शेतकऱ्यांचं प्रदर्शन. तिथं शेवटच्या दालनात एक कबर आहे. तिच्यापुढं उभे राहाल ते जरा बाजूला सरकून. का, ते सांगतो. आधी एक ओंडका टाक विस्तवात.

हे घडलं इंगोल्फच्या बाबतीत. आपल्या बागेच्या कुंपणापलीकडे ज्याची सफरचंदं आहेत, तोच. प्रदर्शनांची मांडणी करणं हे त्याचं काम. माग्डेबुर्गात त्याच्यासारखी मांडणी कुणी करत नाही, असं लोक म्हणायचे. तोही म्हणायचा.

ती कबर खणून काढली होती गेझिनेबाईंनी. एक आई, आणि तिच्या डाव्या हाताच्या वळणात डोकं ठेवलेलं तान्हं मूल. बाईंनी हाडं एकेक करून उचलली नाहीत. भोवतीच्या मातीसकट सगळा ठोकळा प्लास्टरमध्ये बांधून आणला आणि वर्षानुवर्षं संग्रहालयाच्या तळघरात जपला. दोघं निजली होती तशीच राहावीत म्हणून.

इंगोल्फला जाहिरातीसाठी चेहरा हवा होता. त्यानं ते मूल निवडलं. ट्रामवर, चौकात, जिकडंतिकडं तेवढीच कवटी. आता सगळे मूलच बघायला येणार आणि एकाच पेटीपुढं गर्दी करणार. मग काय, त्यानं ठोकळा करवतीनं कापून घेतला. आई पहिल्या दालनात, मूल शेवटच्या, म्हणजे लोक सगळी दालनं बघत जातील. फलक लावला, ‘बालकाची कबर’.

माझ्याकडं अशी बघू नकोस, वीबके. संचालकांची सही होती. अशा कामांवर सही असतेच.

गेल्या नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार. संत मार्टिनचे कंदील घेऊन हिंडणारी पोरं गाणी आटपून घरी गेली होती. उद्घाटन दुसऱ्या दिवशी. गेझिनेबाई दुपारीच दालनं बघून गेल्या होत्या. ओरडल्या नाहीत. दाराशी टोपी चढवताना एवढंच विचारलं, “इंगोल्फ, तिचा हात कुठं आहे रे?”

करवत आईच्या त्या डाव्या हातातूनच गेली होती. इंगोल्फ म्हणाला, “खाली. खोक्यात.”

बाई निघून गेल्या. याचे कान रात्रीपर्यंत तापलेले. ठोकळा परत जोडायचा तर उद्घाटन पुढं ढकला म्हणून सांगावं लागणार, आणि ते सांगायची हिंमत नव्हती. निदान शब्द तरी बदलू, म्हणून नवा फलक घेऊन तो रात्री अकराला परत गेला.

तिथं प्रत्येक पेटीतला दिवा माणूस जवळ आला की लागतो, लांब गेला की विझतो. जुन्या वस्तूंना फार उजेड सोसत नाही. इंगोल्फ मुलाच्या पेटीशी वाकून फलकाचे स्क्रू काढत होता. तेवढाच एक दिवा. बाकी सरळ रेषेत सगळी दालनं अंधारात.

पार टोकाला उजेड पडला.

आईच्या पेटीत.

त्याला वाटलं, पहारेकरी असेल. त्यानं हाक मारली. दिवा विझला. पुढचा लागला, मडक्यांचा. तो विझला. मग दगडी कुऱ्हाडींचा. प्रत्येक पेटीपाशी थोडं थांबून... आत काही शोधल्यासारखं.

पावलांचा आवाज नाही.

मधलं दालन उजळलं. विझलं.

मग त्याच्या शेजारची पेटी.

इंगोल्फ सांगतो, भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली. दुसऱ्याचं काही हातात धरून उभे आहोत आणि ज्याचं आहे ते समोर यावं, तशी. तो म्हणाला, “मीच...”

तो बाजूला सरकला.

मुलाच्या पेटीतला दिवा विझला. तो हातभर अंतरावर उभा असताना.

मग...

ते तो सांगत नाही. मी दोनदा विचारलं. तो नुसता बागेकडं बघत बसतो.

सकाळी तो जमिनीवर बसलेला सापडला. पेटीचं कुलूप जागच्या जागी, मूल जागच्या जागी. उद्घाटनाला पाहुणे जमले, तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, काय कापलं आणि कशासाठी. संचालक लालबुंद झाले. दालन बंद ठेवावं लागलं. पुढं गेझिनेबाईंनी ठोकळे जोडले, खोक्यातली हाडं लावली. मधली फट इंगोल्फनं बुजवू दिली नाही. उद्या तुम्हाला ती दिसेल. कुणी कापलं, ते नावानिशी फलकावर आहे.

त्या रात्रीचा त्याचा कोट मात्र तुम्हाला तिथं दिसायचा नाही. तो मी पाहिलाय. डाव्या बाहीवर, कोपराच्या आतल्या बाजूला, काळ्या मातीचा एक डाग. लहानसा, गोल. किती धुतला, निघत नाही.

लेनार्ट, नाताळात तो कोट घालून इंगोल्फ आमच्याकडं आला, तेव्हा तुझी आई घरात होती. तिला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. बाहीकडं बघून ती हसली आणि सहज म्हणाली, “कुणाचं बाळ घेतलं होतंस रे?”