हुंकाराची जागा

सांगलीच्या मंगळवार्ता केंद्रात जाई चौगुले मान खाली घालून बसली होती. शेजारी तिचे वडील, अण्णा, गुन्हा कबूल करायच्या तयारीनेच आले होते.

नोकरी निवेदिकेची. मंगळावर शब्द पोचायलाच कितीतरी मिनिटे लागतात, म्हणून तिथल्या वसाहतीशी समोरासमोर बोलणे होत नाही. चित्रित निरोप पाठवायचे. मुलाखतही तशीच, घरी एकटीने बोलून पाठवायची. खोलीत दुसरे कोणी नको, ही अट.

आठवडाभर जाईची तालीम चालली, आणि पलंगावर बसलेले अण्णा प्रत्येक वाक्याला "हं" म्हणत राहिले. ती वैतागली, तर म्हणाले, हुंकार दिला नाही की गोष्ट रुसते, असं लहानपणी तूच मला दटावायचीस. खऱ्या चित्रणाला मात्र तिने त्यांना जिन्यात नेऊन बसवले.

तरी केंद्राच्या तपासणी यंत्राचा निकाल आला: खोलीत दुसरी व्यक्ती. अपात्र.

"बाई, चूक माझी," अण्णा संचालिका इरावतीबाईंना म्हणाले. "जिन्यात बसून मी हं हं करत होतो. दारातून गेलं असंल आत. पोरीला शिक्षा नको."

ते यंत्र सांभाळणाऱ्या डॉ. मुजावरांनी चित्रण पुन्हा लावले. कुठेही हुंकार नव्हता. खोलीही रिकामी दिसत होती.

"मग यंत्राला माणूस सापडला कुठं?" बाईंनी विचारले.

"आपला श्रोतामापक आवाज मोजत नाही, थांबे मोजतो," मुजावर म्हणाले. "समोर ऐकणारा असला की बोलणारा त्याच्या होकारापुरता नकळत थांबतो. एकटा माणूस थांबत नाही. ही पोरगी प्रत्येक वाक्यानंतर थांबलीय."

"म्हणजे यंत्र चुकलं."

"यंत्र बरोबर आहे. आपली अट चुकली. ऐकणारा खोलीतच असतो, असं आपण धरून चाललो."

बाईंना वसाहतीच्या तक्रारी आठवल्या. वसाहतीतले लोक आजवरचे निरोप अर्ध्यात बंद करत. बोलणे अंगावर येते, ही त्यांची एकच तक्रार. त्या बोलण्यात ऐकणाऱ्याला जागाच नव्हती.

"सोमवारी ये," त्या जाईला म्हणाल्या. "आणि अण्णा, तुम्ही जिन्यातच बसा."

जाईचा पहिला निरोप गेला. वसाहतीतल्या लोकांनी तो ऐकताना आपलेच चित्रण करून परत धाडले. बापलेक ते बघायला बसले. पडद्यावर जाईचे एक वाक्य संपले, ती थांबली, आणि तिकडच्या दाढीवाल्या प्रमुखाच्या तोंडून आपसूक निघाले, "हं."

जाईने हळूच वडिलांकडे पाहिले. आपली जागा दुसऱ्याने घेतलेली पाहून अण्णा जरासे खट्टू झाले होते. पुढच्या थांब्याला पुन्हा "हं" आला, तेव्हा मात्र त्यांनी मान डोलावली.

"हुंकार पोचतो उशिरा," ते म्हणाले, "पण गडी देतो वेळेवर."