दुसरं नाव

सिनेटच्या तळघरातल्या खानावळीत सूपसाठी रांगेत उभी असताना ऑड्रा केसलरचे पाय अक्षरशः बोलत होते. सकाळपासून तिनं तीन भल्या माणसांना फाडून खाल्लं होतं… आणि दुपारचे अजून दोघं बाकी होते.

तेच तिचं काम होतं. राष्ट्राध्यक्षांनी कुणाला राजदूत म्हणून निवडलं, तरी सिनेटनं होकार दिल्याशिवाय नेमणूक पक्की होत नसे. त्यासाठी समितीपुढे बसून प्रश्नांना तोंड द्यावं लागे. त्या सुनावणीआधी परराष्ट्र खात्यात एक रंगीत तालीम व्हायची, आणि तालमीत चिडक्या सिनेटरची भूमिका ऑड्रा करायची. सहा वर्षं ती करत होती. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तिला वाटायला लागलं होतं, की आपण आयुष्यभर फक्त लोकांना दूरदेशी पाठवण्यासाठीच जन्माला आलोय.

"एकच वाटी उरलीय," वाढणारी बाई म्हणाली.

ऑड्राच्या पुढे एक उंच माणूस उभा होता. बाहेरच्या भुरभुर पावसानं कोटाचे खांदे ओले, टाय गुंडाळून खिशात कोंबलेला. त्यानं मागे वळून तिच्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता ती वाटी तिच्या ताटात ठेवली. स्वतः मक्याचा पाव घेतला.

जागा एकाच टेबलावर होती. बसल्यावर तो सहज बोलू लागला. नाव लायल प्रॅथर, नोकरी परराष्ट्र खात्यात. प्रशांत महासागरातल्या एका चिमुकल्या बेटांच्या देशासाठी त्याचं नाव सिनेटकडे गेलं होतं. आणि उद्या त्याची तालीम होती.

"ऐकलंय, कुणी केसलरबाई आहेत," तो पाव मोडत म्हणाला. "गेल्या महिन्यात त्यांनी एका कोट्यधीशाला रडवलं म्हणे."

"रडला नव्हता तो," ऑड्रा सूप ढवळत म्हणाली. "डोळे भरून आले होते, इतकंच."

"तुम्ही होता तिथे?"

"होते… कोपऱ्यात."

सूप संपवून ती उठली. नाव सांगितलं नाही. जिना चढताना मात्र आपण हसतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला जरा नवलच वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती उंच खुर्चीत येऊन बसली तेव्हा लायलचं पाठ केलेलं निवेदन पहिल्याच वाक्यात अडखळलं. ऑड्रानं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. समोरच्या कागदावरचे प्रश्न सोडून तिनं विचारलं, "सोळा वर्षांत नऊ गावं बदललीत, मिस्टर प्रॅथर. कुठे मन रमलं नाही, की कुणी ठेवून घेतलं नाही?"

"दोन्ही, सिनेटर," तो म्हणाला.

खोलीतले लोक हसले. ऑड्रा हसली नाही. तालमीनंतर चुका सांगताना तिनं त्याला बजावलं, की हे उत्तर खऱ्या सुनावणीत अजिबात द्यायचं नाही.

"का? चुकीचं होतं?"

"नाही. फार खरं वाटलं."

तो तिच्याकडे बघत राहिला… जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, की काल सूप दिलं त्याची ही परतफेड असेल तर आज त्याला निदान कॉफी तरी मिळायला हवी. त्याला कॉफी मिळाली.

खरी सुनावणी सुरळीत पार पडली. समितीनं शिफारस केली. आता सभागृहात मतदान व्हायचं, शपथ घ्यायची, विमान पकडायचं. लायलनं भाड्याचं घर सोडलं, सामान बाल्टिमोरच्या गोदामात पाठवलं, आणि पंधरा-वीस दिवसांसाठी म्हणून मेरीलँडमध्ये बहिणीच्या तळघरात मुक्काम टाकला.

आणि मग खोडा बसला.

लांबच्या एका राज्याचे सिनेटर सरकारवर रागावले होते. त्यांच्याकडचं जहाजबांधणीचं आवार सरकार बंद करणार होतं. सिनेटमध्ये एकाच सिनेटरनं हट्ट धरला तरी नेमणुका महिनोन्‌महिने लटकतात. त्यांनी राजदूतांची सगळीच नावं अडवून धरली. लायलनं ते राज्य उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

चेरीचा बहर गळून गेला. उन्हाळा आला. पोटोमॅक नदीवरून येणारी हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटू लागली. लायलला खात्यात एक टेबल दिलं होतं, पण त्याच्यावर काम काही नव्हतं. दर आठवड्याला मतदानाला घेतलेल्या नावांत तो आपलं नाव शोधी, आणि नसलं की ऑड्राला फोन करून म्हणे, "सिनेटर, साक्षीदार अजून शहरातच आहे."

"मग साक्षीदारानं संध्याकाळी नदीवर हजर व्हावं," ती म्हणे.

नदीकाठी दोघं चालत. बोलण्यापेक्षा चालणंच जास्त असे. कधीकधी लायल बेटांवरच्या भाषेतले शब्द पुटपुटे. ते तो कानात इअरफोन घालून शिकत होता. भरतीला एक शब्द, ओहोटीला दुसरा, आणि पाणी नुसतं स्थिर उभं असतं त्या वेळेला तिसराच. तो तिसरा शब्द आपल्यासाठीच बनवलाय, असं तो एकदा म्हणाला. तेव्हा पहिल्यांदा ऑड्रानं त्याचा दंड धरला… आणि मग सोडायचं राहून गेलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, हे नंतर दोघांनाही सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर मात्र तिला स्वतःची लाज वाटे. कारण मतदानाच्या नावांत लायल नसला, की तिला आत कुठेतरी बरं वाटायचं. या रांगेतल्या माणसात जीव गुंतवायचा नाही, हे तिला पुरेपूर माहीत होतं. ही माणसं जातात. त्यांना जाता यावं म्हणूनच तर ती स्वतः तालीम घ्यायची.

सप्टेंबरच्या एका शुक्रवारी दोघं नदीकाठच्या बाकावर बसले होते. लायलनं सांगितलं, की नदीपलीकडे नव्या अधिकाऱ्यांना शिकवणारी संस्था आहे, तिथे त्याला कायमची जागा मिळतेय. अट एकच होती – राजदूतपदासाठी गेलेलं नाव मागे घ्यायचं.

"घेतो मागे," तो म्हणाला. "इथेच एखादं घर बघू. खिडकी असलेलं. तू फक्त हो म्हण."

हो म्हणायला तिचे ओठ उघडलेही होते. इतके दिवस ती याच एका वाक्याची वाट बघत होती. पण तिनं विचारलं, "तुला जायचं नाही?"

"मी दमलोय, ऑड्रा."

"मी ते विचारलं नाही."

तो हसला. सोमवारी संध्याकाळपर्यंत संस्थेला कळवायचंय, एवढंच बोलला. उठून चालू लागल्यावर, नदीकडे बघता बघता, त्याच्या तोंडून पुन्हा तो बेटांवरचा, स्थिर पाण्याचा शब्द निसटला. त्याला ते कळलंही नाही. तिला कळलं.

सोमवारी सकाळी ग्लेनिसचा फोन आला. ग्लेनिस ऑड्राची कॉलेजातली मैत्रीण, आणि त्या रागावलेल्या सिनेटरांच्याच कचेरीत कामाला. ती म्हणाली, जहाजांच्या आवाराचं बोलणं जरा पुढे सरकलंय. साहेब चांगुलपणा दाखवायला या आठवड्यात दोन नावं मोकळी करायला तयार आहेत. कुठली करायची ते मला सुचवायला सांगितलंय. तू सगळ्यांना ओळखतेस… खरी गरज कुठे आहे?

पहिलं नाव ऑड्रानं लगेच सांगितलं. आफ्रिकेतल्या एका देशात दोन वर्षं राजदूत नव्हता, आणि जाणारी बाई त्या कामात मुरलेली होती.

"आणि दुसरं?"

ऑड्रा खिडकीशी जाऊन उभी राहिली. वाट बघणारे पुष्कळ होते. त्यांतलं कुठलंही नाव चाललं असतं, आणि कुणाला कधी पत्ताही लागला नसता. लायल संध्याकाळी संस्थेला होकार कळवेल… मग घर, खिडकी, रविवारची सकाळ. गेल्या महिन्यात त्या बेटांना वादळानं झोडपलं होतं, आणि तिथल्या दूतावासात एक तरुण अधिकारी एकटाच सगळं सांभाळत होता. ते तिला माहीत नसतं तर किती बरं झालं असतं.

"ऑड्रा? आहेस ना?"

"प्रॅथर," ती म्हणाली. "लायल प्रॅथर."

फोन ठेवल्यावर तिला रडू आलं नाही. ती फक्त खुर्चीत बसली. मग तिनं लायलला फोन करून एवढंच सांगितलं, की संस्थेला गुरुवारपर्यंत थांबायला सांग, कारण विचारू नकोस. त्यानं विचारलं नाही.

गुरुवारी दोघं सिनेटच्या गॅलरीत बसले होते. खाली सभागृह जवळजवळ रिकामं. अध्यक्षस्थानी बसलेल्या बाईंनी दोन नावं वाचली, हरकत आहे का विचारलं, जेमतेम श्वासाएवढी वाट पाहिली, आणि पुढचं काम पुकारलं.

"झालं?" लायलनं विचारलं.

"झालं."

"एवढंच?"

बाहेरच्या पायऱ्यांवर ऊन होतं. तिथे तिनं त्याला ग्लेनिसच्या फोनचं सगळं सांगितलं. लायल ऐकता ऐकता पायरीवरच बसला. त्याचा चेहरा आनंदाचा नव्हता, रागाचाही नव्हता.

"मला राहायचं होतं," तो शेवटी म्हणाला.

"तुला थांबायचं होतं, लायल. राहणं वेगळं असतं."

"आणि तुला? तुला काय हवं होतं?"

ती त्याच्याशेजारी बसली. इतक्या जणांना नेमकं, मोजकं बोलायला शिकवणाऱ्या बाईला स्वतःचं वाक्य सापडेना.

"तू हवा होतास," ती म्हणाली. "पण… दमलेला म्हणून मिळालेला नको होतास."

त्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला. ऊन उतरेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले. ये माझ्याबरोबर, असं तो म्हणाला. तिनं मान हलवली, पण होकारार्थी की नकारार्थी, हे त्याला उमगलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीरही झाला नाही.

शपथविधी ऑक्टोबरात झाला. खात्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत लायलची बहीण, तिचा नवरा, दहा-बारा सहकारी जमले होते. शपथ घेताना कुणीतरी बायबल हातात धरून शेजारी उभं राहावं लागतं. बहुतेकांची बायको उभी राहते, नाहीतर आई. लायलची आई हयात नव्हती. त्यानं आदल्या दिवशी ऑड्राला विचारलं होतं, आणि ती राखाडी झगा घालून आली होती. बायबल त्याच्या आजीचं होतं, चांगलंच जड. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं.

लायलनं डावा हात त्यावर ठेवला, उजवा वर केला. समारंभ सांभाळणाऱ्या बाई फोटोखालचा मजकूर लिहून घ्यायला पुढे आल्या आणि ऑड्राला म्हणाल्या, "माफ करा हं, तुम्ही यांच्या कोण?"

लायल काहीतरी बोलणार, तेवढ्यात ऑड्राच बोलली.

"मी यांच्याकडे राहायला जाणार आहे," ती म्हणाली. "लगेच नाही. आधी मी भरपूर झोपणार आहे… मार्चमध्ये जाईन. सुट्टीचा अर्ज मंजूर झालाय माझा."

लायलचा हात बायबलवरून घसरला.

"हात ठेवा, सर," बाई हळूच म्हणाल्या. "अजून शपथ व्हायचीय."

त्यानं हात पुन्हा ठेवला. पण बायबलवर नाही, ते धरून उभ्या असलेल्या तिच्या बोटांवर. बाईंनी ते पाहिलं, आणि शपथेचे शब्द वाचायला सुरुवात केली.