वावर एक, नावं वेगळी

कर्नाटकातल्या आळंदच्या माती तपासणी केंद्राच्या दारातच पिशवी फाटली आणि काळी माती विजयश्रीच्या ओढणीवर सांडली. समोर तरुण शेतकरी श्रीशैल, ओशाळलेला. "चुकलं अक्का..."

"अक्का नको, मॅडम म्हणा. आणि अशा पाट्या टाकू नका."

पाट्या टाकणं म्हणजे काय, त्यानं विचारलं. घरी कन्नड बोलतात म्हणाला. केंद्रात माती तपासणारी विजयश्री रसायनशास्त्राची पदवीधर, पण मराठीचा तिला भारी अभिमान. मन न लावता काम उरकणं, तिनं समजावलं.

मग तो येतच राहिला. कधी काकाच्या, कधी शेजाऱ्याच्या शेतातली माती घेऊन, आणि सोबत नवा वाक्प्रचार. हातावर तुरी देणं म्हणजे डोळ्यांदेखत निसटून जाणं, हे ऐकून तो हसला. आमच्याकडं तुरी दिल्या की माणूस जवळ येतो, म्हणाला. त्या दिवशी तिच्या हातून परीक्षानळी निसटता निसटता राहिली.

आणि एकदा बाजारात तिनं त्याला महाराष्ट्रातल्या उमरग्याच्या व्यापाऱ्याशी भांडताना ऐकलं. "उगं नाकानं कांदे सोलू नका शेठ, माल बघून तोंडात बोट घालाल." अस्सल मराठी! तिचे कान तापले. म्हणजे इतके दिवस हा आपली मजा बघत होता?

पुढच्या खेपेला तिनं पिशवीला हातच लावला नाही.

"सगळं येतंय की तुम्हाला. मला कामून वेड्यात काढायलाव?"

"आई उमरग्याची हाय माझी," तो हळूच म्हणाला. "पण तुम्ही अर्थ सांगताना... राणीनं आपलं राज्य दाखवावं तसं दाखवता. ते बघायला यायलोय."

राग विरघळला, पण मान खाली गेली नाही. तिनं त्यानं आणलेल्या मातीचे सगळे अहवाल टेबलावर मांडले. स्फुरद तेवढंच, चुना तेवढाच, क्षारही तेवढेच.

"नावं वेगळी, वावर एकच. कवाच कळलं होतं मला."

"मग बोलला न्हाईत कामून?"

"तुम्ही यायचं थांबला असतात."

त्यानं अहवाल बाजूला सारले. मग एक शब्दही न सजवता म्हणाला, "मला तुमच्याशी लग्न करायचंय."

बाजारपेठेच्या मधोमध तिच्या वडिलांचं, अप्पांचं, बियाण्याचं दुकान होतं. अप्पांना आत्ताच सांगायचं, असं म्हणत तिनं ओढणी सावरली.

"अप्पा न्हाई म्हणाले तर?"

"तर मी बोलेन," विजयश्री म्हणाली आणि भर बाजारातून त्याच्या बरोबरीनं चालू लागली. लोक वळून बघत होते. बघू देत.