उलटी लव

ही गेल्यानंतर पेटीतली मखमल बाहेर काढायला मला बराच काळ लागला. शेवटी एका सुट्टीच्या सकाळी ती वर्तमानपत्रात गुंडाळली, दोरी बांधली आणि दोन बैठकांचा सोफा करून घ्यायला सोफे शिवणाऱ्या कारागिराकडे घेऊन गेलो. बाटलीच्या हिरव्या रंगाची मखमल. हिने हौसेने घेतलेली, आणि कापराच्या वड्या घालून जपलेली.

मखमलीचं हिला वेड होतं. फर्निचरच्या दुकानांत आम्ही नुसते बघायला जायचो, तेव्हा ही प्रत्येक खुर्चीवरून तळवा फिरवायची. एकदा लवेच्या दिशेने, एकदा उलट. एकीकडे रंग उजळायचा, दुसरीकडे काळवंडायचा. "बघा, एकाच कापडात दोन रंग," म्हणायची. मी म्हणायचो, धूळ फार बसते तिच्यावर. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. त्यावर हिचं ठरलेलं उत्तर होतं, "जन्मभर भिंगातून बघितल्यावर धूळच दिसणार."

कारागिराला तोंडात खिळे धरून बोलायची सवय होती. त्याने कापड फळीवर पसरलं, मापं घेतली, पुन्हा घेतली आणि खिळे हातावर काढले.

"साहेब, कापड थोडं कमी पडतंय. मखमलीचे सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात. एक बैठक उलटी लावली तर बसेल."

"मग लावा की."

"लव मागे जाईल. दुसऱ्या बैठकीपेक्षा काळपट दिसेल." त्याने कापडावरून बोट फिरवलं. "आणि आमचे वस्ताद उलटी लव लावत नसत. म्हणायचे, पुढे आलेली लव माणसाला उठायला मदत करते. मागे गेलेली धरून ठेवते."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

"धरून ठेवू दे," मी म्हणालो. "खिडकीकडची बाजू उलटी करा. ही तिथे बसायची."

सोफा घरी आला आणि खोली बदलली. आवाज मऊ झाले. माझ्याच पावलांचा घुमणारा आवाज मला इतके दिवस सोसावा लागत होता, तो विरला. उन्हं कलली की हिरवा रंग सगळा उजेड पिऊन घ्यायचा आणि कोपऱ्यात काहीतरी मोठं, ऊबदार पहुडल्यासारखं वाटायचं. हिचं म्हणणं खरं होतं. हे आधी का केलं नाही, असं मनात येऊन गेलं.

कामावर जाण्याआधी मी मऊ ब्रशने दोन्ही बैठका सारख्या करून जायचो. एका संध्याकाळी परतलो तर खिडकीकडच्या बैठकीवर मधोमध उजळ डाग होता. काळपट लव दाबली गेली की तिथे उजळते. म्हणजे कुणीतरी बसून गेलं होतं. मी दार तपासलं, खिडकी तपासली. ब्रश फिरवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

भीती वाटली नाही. खोटं कशाला सांगू, आनंद झाला. मी दुकानातून थेट घरी येऊ लागलो. चहा करायचा, माझ्या जागी बसायचं आणि शेजारी बघत बोलायचं. कुणाचा नंबर वाढला, कुणी चष्म्यावर बसून चष्मा मोडला. बोलताना कधी कापराचा वास यायचा. पुढे पुढे त्यात दुसरा वास मिसळला, खूप दिवस न उघडलेल्या विहिरीसारखा. मी त्याकडे कानाडोळा केला.

ताई आली ती हट्टालाच पेटलेली. लेक सासरी गेल्यापासून तिची वरची खोली मोकळी होती.

"चल माझ्याकडे. इथे भिंतींशी किती दिवस बोलणार आहेस?"

"भिंतींशी नाही बोलत."

"मग कुणाशी?"

ताई खिडकीकडच्या बैठकीवर टेकली आणि चटका बसल्यासारखी उठली. उठली म्हणजे, उठायला तिला दोन्ही हातांचा जोर लावावा लागला.

"अरे, ही गादी इतकी गार कशी?" ती साडी झटकत म्हणाली. मग दोन बैठकांचे वेगळे रंग निरखले. कापड कमी पडलं म्हणून एक उलटी लावल्याचं मी सांगितलं. तिचा आवाज उतरला. "हे बघ, हिरव्या मखमलीचा तुकडा मी शोधून आणते. बैठक सुलट करून घे. आणि मग सामान बांध. धाकट्या भावाला असा सोडून माझ्या घशाखाली घास उतरत नाही रे."

मी हो म्हणालो. ती रडायला लागली होती, म्हणून म्हणालो.

कारागीर भर दुपारी आला. खाली मुलं खेळत होती, शेजारी कुणाचा तरी मिक्सर चालू होता. त्याने पिना उपसल्या, मखमल बाजूला केली आणि तसाच वाकून राहिला.

"साहेब... इथे कोण बसतं?"

"कुणी नाही."

त्याने मला जवळ बोलावलं. नव्याकोऱ्या फोमचा पापुद्रा झाला होता. गादी तोलणारे खालचे पट्टे लोंबून पार जमिनीला टेकायला आले होते आणि लाकडी चौकटीला चीर गेली होती. त्याने माझी बैठक उघडून दाखवली. तिथे सगळं आजच आणून बसवल्यासारखं कोरं होतं.

"हे काही महिन्यांत होत नाही," तो कुजबुजला. "आणि तुमच्या-माझ्या वजनाने तर होतच नाही. तुमच्या मिसेस..."

मी नाही म्हणून मान हलवली. ही आजारपणात इतकी हलकी झाली होती, की मी एका हाताने उचलून तिला खिडकीशी बसवायचो.

तो माझ्याकडे बघत होता. मी चौकटीतल्या चिरेकडे.

"सुलट करतो," तो म्हणाला. "ताईंनी दिलेलं कापड आहे. पटकन होईल."

मी होकार देणार होतो. पण उघड्या सोफ्यामुळे खोली पुन्हा पहिल्यासारखी वाजायला लागली होती. त्याची हातोडी, माझा श्वास, घड्याळ. मला ताईची वरची खोली दिसली. स्वच्छ चादर, खालून येणारे इतरांच्या हसण्याचे आवाज, आणि जिन्यावरून हळू बोलणारी ताई, "झोपला असेल, हाक मारू नका."

"जसं होतं तसंच शिवा," मी म्हणालो.

"उलटं?"

"उलटंच."

त्याने हातोडी उचलली. मागे न वळता म्हणाला, "मग पट्टे तरी दुहेरी घालतो."

तो गेला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. ताईचा फोन वाजत राहिला, मग थांबला. मी चहा केला आणि माझ्या जागी बसलो. बोलावंसं काही सुचेना. ही असती तर एव्हाना साखर कमी पडली म्हणून कुरकुरली असती.

शेजारचे नवे पट्टे करकरले. सावकाश... एकेक करून. हिरव्या काळोखात उजळ डाग उमटला, पसरला, काठापर्यंत गेला. विहिरीचा वास आला. मी कपाकडे बघत राहिलो. पट्टे पुन्हा करकरले, आणि या वेळी डाग माझ्या बाजूला... माझ्या सुलट लवेवर काळा होत आला.

मी कप खाली ठेवला. थोडं सरकलो, आणि जागा करून दिली.