तिसऱ्यांदा विचारल्यावर

त्याने पहिल्याच वेळी कॉफीला ‘हो’ म्हटलं, आणि चर्चखालच्या हॉलमध्ये बसलेल्या साठ म्हाताऱ्या माणसांनी एकदम माना वळवल्या.

दहाच मिनिटांपूर्वी तो मला बाहेर भेटला होता. गाडी बर्फात रुतलेली, पायात शहरी पातळ बूट आणि पापण्यांवर हिमाचे कण... मी मागून जोर लावला, त्याने आतून. गाडी सुटली तेव्हा तो काच खाली करून इतका मनापासून हसला, की माझे हातमोजे ओले झालेत हेही मला कळलं नाही. मग समजलं, हा डॉमिनिक. खासदारांच्या कचेरीतून आलेला. खासदारांना म्हणे वेळ नव्हता.

माझी निराशा झाली. ही सभा मी भरवली होती, कारण नव्या अंदाजपत्रकात मेडिकेअरला कात्री लागणार होती. आमच्या टॅमरॅक बे गावाचं चिमुकलं इस्पितळ निवृत्त माणसांच्या त्या सरकारी विम्यावरच चालतं. पैसे कमी झाले की पहिली बंद होणार होती डायलिसिसची खोली. त्या खोलीत माझे बाबा रेनो आठवड्यातून तीन दिवस बसतात. दुसरी अशी खोली शंभर मैलांवर, सरोवराच्या काठाने, वादळातून.

डॉमिनिक वही घेऊन खुर्च्यांमधून फिरू लागला. काही अडचण आहे का, असं प्रत्येकाला अगदी आदबीने विचारायचा. तसं काही नाही, म्हणायचे सगळे. चाललंय. माझ्या बाबांच्या दंडावर सकाळच्या सुयांची पट्टी होती, तरी ते म्हणाले की त्यांचं ठीक आहे, इतरांना जास्त गरज असेल. मी डॉमिनिकच्या खांद्यावरून वहीत डोकावले. पानभर एकच ओळ होती... तक्रार नाही, तक्रार नाही, तक्रार नाही.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी त्याला बाही धरून स्वयंपाकघराच्या दारापाशी ओढलं.

“हे काय लिहिताय?”

“ते सांगतात तेच.”

“मी तुम्हाला कॉफीचं किती वेळा विचारलं?”

“एकदा.” तो गोंधळला. “का? जास्त घेतली का मी?”

“आमच्याकडे तीनदा विचारतात. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘कशाला त्रास’ म्हणायचं. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा हावरट.”

त्याचे कान लाल झाले. त्याने कपाकडे पाहिलं, मग हॉलकडे. “म्हणून त्या आजी माझ्याकडे तशा बघत होत्या...”

“सिग्नेमावशी अजून सावरल्या नाहीत.”

“आमच्या न्यू जर्सीत पहिल्यांदा हो म्हटलं नाही तर उपाशी राहावं लागतं,” तो म्हणाला, आणि मला हसू आलं. तोही हसला. मग एकदम थांबला. “म्हणजे यांनी अजून काही सांगितलेलंच नाही?”

“नाही,” मी म्हणाले.

त्याने ते पान टरकन फाडलं आणि पहिल्या खुर्चीपासून पुन्हा सुरुवात केली.

सिग्नेमावशींपुढे तो गुडघा टेकून बसला. चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या मावशी. त्याने विचारलं, त्यांनी मान हलवली. पुन्हा विचारलं, त्यांनी कॉफी ढवळली. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र त्या बारीक आवाजात बोलल्या, की दर महिन्याला डोळ्यात सुई घ्यावी लागते. ती थांबली तर चेहरे दिसणार नाहीत. “नवरा काही देखणा नाही हो... पण शेवटपर्यंत बघायचाय.”

शेजारी बसलेले त्यांचे यजमान बुटांकडे बघत राहिले.

मग एकेक जण बोलू लागला. जन्मभर ओळखत होते मी या माणसांना, आणि मला काहीच ठाऊक नव्हतं! किती वर्षं, किती शांतपणे सोसलं होतं त्यांनी. मी किटली हातात घेऊन थक्क होऊन ऐकत होते. मला त्या साठही जणांपुढे हात जोडावेसे वाटले.

शेवटी बाबा. दोनदा त्यांनी उडवून लावलं. डॉमिनिक हलला नाही.

“काका, मी तिसऱ्यांदा विचारतोय.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “ती खोली बंद झाली तर मी जायचं थांबवणार. ठरवलंय मी. पोरीने शंभर मैल गाडी हाकत आपलं तारुण्य माझ्यामागे घालवू नये.”

डायलिसिस थांबवलं की माणूस दोनेक आठवडे काढतो. हॉलमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या हातातली किटली डॉमिनिकने कधी धरली, मला कळलं नाही. माझ्या हातासकट ती त्याने टेबलावर अलगद टेकवली, आणि क्षणभर त्याची बोटं माझ्या बोटांवर राहिली...

निघताना तो दारात घुटमळला.

“हे मी खासदारांना वाचून दाखवीन. नको म्हणाले तरी.”

“किती वेळा?”

“तीनदा,” तो म्हणाला.

आणि त्याने शब्द पाळला. फोनवर सांगायचा मला. एव्हाना रोजच फोन असायचा, आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं तेही आठवत नाही. खासदार दोनदा म्हणाले, थोडक्यात सांग. तिसऱ्यांदा त्यांनी दार लावून एकेचाळीस पानं ऐकली. बाबांच्या पानाशी त्यांनी पाणी मागितलं. मतदान झालं तेव्हा त्यांचा हात कपातीच्या विरोधात होता. कात्री टळली... निदान यंदा तरी.

एप्रिलमध्ये सरोवराचं बर्फ फुटलं. काल जिथे पांढरं मैदान होतं, तिथे आज क्षितिजापर्यंत निळं पाणी. दर वर्षी बघते, तरी दर वर्षी माझा श्वास अडकतो. त्याच दुपारी हॉलमध्ये मी वेलदोड्याचा पाव कापत होते, आणि दारात डॉमिनिक उभा. पायात या वेळी जाड बूट.

तो सरळ माझ्यापर्यंत आला. सगळे ऐकत होते, आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होते.

“आइली... माझ्याबरोबर जेवायला येशील?”

“हो,” मी म्हणाले.

सिग्नेमावशींचा चमचा खाली पडला.

“थांब,” डॉमिनिक गडबडला. “मला अजून दोनदा विचारायचंय. रस्ताभर तयारी केलीय मी.”

“तिसऱ्यांदा कुणी विचारेपर्यंत माझे बाबा मरायचं ठरवून बसले होते, डॉमिनिक. मला आता तेवढं थांबवत नाही. मला तू आवडतोस.”

त्याचे डोळे भरून आले, आणि माझेही.

आमच्या घराण्यात पहिल्याच वेळी कुणी हो म्हटलं नव्हतं, असं काहीतरी बाबा पुटपुटले. मग पट्टी बांधलेल्या हाताने त्यांनी पावाची ताटली उचलली.

“घे, पोरा.”

डॉमिनिकने माझ्याकडे पाहिलं, मग ताटलीकडे.

“नको, काका,” तो म्हणाला. “कशाला त्रास.”

बाबांचा चेहरा असा फुलला, की तसा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी ताटली दुसऱ्यांदा पुढे केली.