अकराचा उजेड

त्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. पत्र येऊन सव्वीस दिवस झाले होते. कोटाच्या आतल्या खिशात राहून राहून ते घडीवर झिजायला लागलं होतं, आणि वाचायची गरज उरली नव्हती इतकं पाठ झालं होतं. तरी दिवसातून चार वेळा तो ते उघडायचा.

'सहलीच्या गाइडना,

मी त्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर, निळ्या खिडकीच्या खोलीत राहते. गेली दोन वर्षं रोज अकराला वीस-पंचवीस माणसं खाली उभी राहतात, माझ्याकडे बघतात आणि सुस्कारे सोडतात. काल एक बाई चक्क रडल्या. खाली येऊन चौकशी केली तेव्हा कळलं, की मी एका खलाशाची वाट बघतेय, आणि माझ्या हातात त्याने दिलेला मोती असतो.

तो मोती नाही, दात आहे. मी दात बनवते. पूर्ण कवळ्या, दातांवरच्या टोप्या, एकेकटे सुटे दात, सगळं. काल त्या बाई ज्याला बघून रडल्या तो वरचा डावा सुळा होता.

माझी तक्रार नाही. फक्त एक विचारायचंय. मी नक्की कोणाची वाट बघतेय? मला बोट लागते, त्यामुळे खलाशी चालणार नाही. कळवावे.'

सहलीच्या कचेरीत त्याला सगळे पोपट म्हणत. शहर बघायला आलेल्या पाहुण्यांना तो रोज पायी फिरवायचा. हातात हिरवी छत्री उंच धरून पुढे चालायचं आणि तोंड बंद पडू द्यायचं नाही, हे त्याचं काम. कोणता पूल कधी बांधला, कोणत्या पुतळ्याचं नाक कधी तुटलं, सगळं तो धडाधड बोलायचा. पण छत्री मिटली की पोपटाची वाचाही मिटायची. दुकानात सुटे पैसे मागायचे तरी तो मनात वाक्य जुळवून बघायचा.

खिडकीची गोष्ट त्याच्या तोंडून अशीच निसटली होती. संग्रहालयात त्यांचा गट साडेअकराच्या आधी आत घेत नसत, आणि गट गल्लीत पोचायचा अकराला. अर्धा तास काढायचा कसा? गल्लीत होतं काय, तर एक जुना नळ, एक बंद दुकान आणि एक लांबलचक पिवळी भिंत. त्या दिवशी झिमझिम पडत होतं, माणसं वैतागली होती, आणि एका गृहस्थांनी विचारलं, "इथं बघण्यासारखं काय आहे हो?" पोपटाने लाचार होऊन वर पाहिलं.

खिडकीत एक बाई उभी होती. बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. दोन बोटांत काहीतरी इवलंसं, पांढरं धरून ती डोळे बारीक करून उजेडात बघत होती...

आणि पोपट बोलत सुटला.

गोष्ट अशी गाजली, की लोक तिकीट काढतानाच विचारायचे, "खिडकीची सहल हीच ना?" दोन वर्षं रोज तो मान वर करून तिच्याबद्दल बोलत होता. तिच्या बाह्या, तिचं मान तिरकी करणं, पावसाळी दिवसांत तिने केसांना बांधलेला रुमाल. हे सगळं त्याला पुलांच्या सनावळीपेक्षा पक्कं ठाऊक होतं. आणि आता तिने पत्र लिहिलं होतं. त्याने रचलेली ती बिचारी खालच्या आवाजात उसासे टाकायची. ही तर त्याच्यापेक्षा चांगलं बोलत होती!

त्याच्या जिवाला चैन पडेना. 'महोदया' लिहिलं, फाडलं. 'सविनय' लिहिलं, तर ते रजेच्या अर्जासारखं दिसायला लागलं. 'प्रिय' लिहिलं, आणि स्वतःच्याच धिटाईने दचकून कागदाचे बारीक बारीक तुकडे केले. चहा निवायचा, बुटाची नाडी सुटायची, पुलाची गोष्ट पुतळ्याजवळ आणि पुतळ्याची पुलावर. गल्लीत आला की तो गटाला खिडकीकडे पाठ करून उभं करायचा आणि नळाबद्दल बोलत राहायचा.

"काय रे पोपटा," तिकीटवाल्या मावशी कचेरीच्या खिडकीतून ओरडल्या, "लोक तक्रार करतायत. नळ बघायला का माणसं एवढ्या लांबून येतात?"

"ऐतिहासिक नळ आहे, मावशी."

"तो नळ माझ्या डोळ्यांदेखत बसवलाय. मला शिकवू नकोस."

मग तो बुधवार उजाडला. गल्लीत शिरल्यावर त्याने सवयीने माणसं मोजली. निघाली होती बावीस, भरली तेवीस. पुन्हा मोजली. तेवीसच. माणूस हरवला तर काय करायचं हे त्याला शिकवलेलं होतं. वाढला तर काय करायचं, हे कोणीच सांगितलं नव्हतं.

"आपल्यात कोणी... म्हणजे दुसऱ्या सहलीतलं कोणी..."

"मी आहे जास्तीची," मागून आवाज आला.

पांढरी पूड उडालेला एप्रन. केसांत खोचलेली पेन्सिल. बाह्या... त्या बाह्या त्याने लाखांत ओळखल्या असत्या.

"आपलं तिकीट?" त्याच्या तोंडून गेलं.

"स्वतःच्या घराखाली उभं राहायला तिकीट लागतं?"

पोपटाने छत्री उगाचच आणखी उंच धरली.

"एक विचारू?" ती पुढे आली. "तीन आठवडे बघतेय. त्या नळात एवढं आहे तरी काय?"

"तो... जुना आहे."

"माझी खिडकीही जुनी आहे."

"हो हो, खिडकी!" कॅमेरावाले एक गृहस्थ सरसावले. "आमच्या मेहुण्याने बजावलंय, एक वेळ संग्रहालय चुकलं तरी चालेल, पण खिडकी चुकवू नका."

"सांगा ना," ती म्हणाली. हाताची घडी घालून ती माणसांत उभी राहिली. "मलाही ऐकायचीय. पूर्ण कधी ऐकलीच नाही."

त्याने सुरुवात केली. एक खलाशी होता... इथवर ठीक. त्याने जाताना तिला... तेवढ्यात तिच्या डोळ्यांकडे त्याचं लक्ष गेलं. त्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. तिथे नुसती उत्सुकता होती.

"नव्हता," तो म्हणाला. "खलाशी नव्हताच. मी रचली गोष्ट. झिमझिम होती, लोक कंटाळले होते, आणि... त्या खिडकीत या बाई दात बनवतात. रंग जुळवायला उजेडात धरतात. बस, एवढंच आहे."

कॅमेरावाल्यांनी कॅमेरा खाली घेतला. मग काठी टेकत एक आजी पुढे आल्या.

"कोणाचे दात गं, बाळ?"

"ज्यांचे गेले त्यांचे, आजी."

"म्हणजे हे माझेसुद्धा," आजींनी खालच्या ओळीवर नखाने टकटक केली, "कुणीतरी असंच खिडकीत उभं राहून केले असतील?"

"तर काय! आणि रंग काय सुरेख जुळवलाय. मला नसता जमला."

आजी अशा काही हसल्या की सगळ्यांना त्यांचे दात मोजता आले. मग एकेक करून माणसांनी माना वर केल्या आणि ती निळी खिडकी नव्याने बघितली. या वेळी कोणी सुस्कारा सोडला नाही. कॅमेरावाल्यांनी मात्र चार फोटो काढले.

"खोटं किती सफाईने सांगता," त्याच्या बाजूने जाताना ती हळूच म्हणाली, "आणि खरं सांगताना घाम फुटतो."

"ते पत्राचं... मी लिहितोय."

"सव्वीस दिवस?"

तिनेही दिवस मोजले होते! "तीस-बत्तीस कागद झाले."

"मग एखादा पाठवायचा होता."

"एकही... पुरा नाही झाला."

ती हसणार होती, पण हसली नाही. "शनिवारी सकाळी मी इथून जातेय. मी ज्या लॅबसाठी दात बनवते, ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेलीय, वरच राहायची सोय आहे. तिथं दिवसासारखा उजेड देणारा दिवा आणलाय म्हणे, आता खिडकी लागत नाही. शनिवारपर्यंत टपाल इथं मिळेल मला. पुढचं... बघू."

संग्रहालयाची घंटा वाजली. साडेअकरा.

"जा," ती म्हणाली. "तुमची बावीस माणसं निघाली."

संध्याकाळी मावशींनी सगळं खोदून खोदून काढून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, दोन वर्षं तिच्याबद्दल बोलतोयस. आता एकदा तिच्याशी बोल की!"

गुरुवारी संग्रहालय बंद असतं आणि पोपटाला सुट्टी. सकाळी साडेनऊला तो तिच्या जिन्यात होता. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढला, उतरला. पुन्हा चढला, दारापर्यंत गेला, उतरला. तिसऱ्या वेळी दारच उघडलं.

"या आता. वरून चौथी पायरी आधीच हलतेय, तुम्ही ती पाडाल."

खिडकीखाली टेबल होतं. मेणाच्या पट्ट्या, बारीक कोरण्या, निळसर ज्योतीचा छोटा दिवा, आणि ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. निम्मे जबडे खोक्यात गेले होते.

"घाबरू नका, चावत नाहीत. उत्तर आणलंय?"

"नाही."

"मग हात रिकामेच आहेत तुमचे. बसा इथं. उजेडाकडे तोंड करा. दात दाखवा."

"कशाला?"

"नमुने ताडून बघायचेत, जिवंत माणूस लागतो. आयता चालत आलाय."

तिने पंख्यासारखी उलगडणारी, दातांच्या रंगनमुन्यांची पट्टी काढली आणि एकेक दात त्याच्या ओठाशी धरत गेली. तिच्या बोटाला मेणाचा वास होता. बोट ओठाला लागलं – कामातच लागलं ते, पण पोपटाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"मी—"

"बोलू नका. हलतं."

तो बसून राहिला. तिचा चेहरा वीतभर अंतरावर होता. डोळे बारीक केलेले, मान तिरकी. दोन वर्षं खालून पाहिलेली मान. आपला श्वास तिला लागत असेल, या विचाराने त्याने श्वासच धरून ठेवला.

"दुसऱ्या ओळीतला तिसरा," ती म्हणाली. "वाटलंच होतं. तुम्ही हसताना मान वर करता, तेव्हा दिसतं वरून. आणि श्वास घ्या, निळे पडाल!"

पावणेअकरा झाले तशी तिने भराभर नमुने मिटले, दात डबीत टाकले.

"झालं एवढ्यात?" त्याने विचारलं. "रंग तर तुम्ही अकराला बघता ना?"

"अकराला? अकराला समोरच्या पिवळ्या भिंतीवर ऊन येतं. सगळा पिवळा उजेड आत. त्या उजेडात रंग जुळवला, तर तुमच्या त्या आजी मला काठीने मारतील. रंग बघायचा तो दहाला."

"पण तुम्ही तर रोज अकराला खिडकीत..."

"गुरुवार सोडून," ती पाठमोरी होत म्हणाली. तिने नळ सोडला आणि स्वच्छ असलेले हात पुन्हा धुवायला घेतले. "गुरुवारी खाली कोणी येत नाही."

पाणी वाहत होतं. तो उभा राहिला, बसला, परत उभा राहिला.

"म्हणजे... तुम्ही..."

"प्रश्न मी पत्रात विचारलाय," तिने वळून न बघता म्हटलं. कान मात्र लाल झाला होता. "उत्तर पत्रातच द्या. तोंडी गोष्टी तुम्ही फार रंगवून सांगता, माझा विश्वास नाही."

त्या दिवशी पोपट शहरात नुसता वाट फुटेल तिकडे चालत राहिला. एका पुलावर त्याला वाटे, अर्थ उघड आहे. दुसऱ्या पुलावर वाटे, छे! बाई वाऱ्याला उभी राहत असेल. गर्दी बघून करमणूक होत असेल. छत्री आवडत असेल. आपल्यात काय आहे उभं राहून बघण्यासारखं? दुसऱ्या ओळीतला तिसरा दात!

शुक्रवारी एकोणीस माणसांचा गट घेऊन तो गल्लीत आला. अकरा वाजले होते. पिवळ्या भिंतीवर ऊन लखलखत होतं.

खिडकी बंद होती.

पडदाही काढलेला. काचेतून मोकळी भिंत दिसत होती.  गेली? एक दिवस आधीच गेली? की सामानाची पहिली खेप पोचवायला गेलीय? वर धावत जावं, तर एकोणीस माणसं कोणाच्या भरवशावर सोडायची? कोपऱ्यावरची टपालपेटी बाराला उघडायची. त्याआधी पेटीत पडलेलं पत्र शहरात दुसऱ्या दिवशी सकाळी पोचायचं. त्यानंतरचं थेट सोमवारी.

"मंडळी," तो म्हणाला, "दोन मिनिटं."

"काय बघायचंय इथं?" कोणीतरी विचारलं.

"काही नाही. मला एक पत्र लिहायचंय."

पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट वीस दिवसांपासून खिशात तयारच होतं. त्याने छत्री एका बाईंच्या हातात दिली, कागद पिवळ्या भिंतीला टेकवला आणि लिहायला लागला. अक्षर खडबडीत भिंतीवर उड्या मारत होतं. या वेळी त्याने काही फाडलं नाही.

'उशिराबद्दल क्षमा असावी. तुम्ही खलाशाची वाट बघत नव्हता. रोज अकराला जो खाली येतो, त्याची बघत होता, असं मला वाटतं. चुकत असेन तर हे फाडून टाका आणि नवा पत्ता कळवू नका. पण बुधवारी मी लोकांना सांगितलं, की गल्लीत वेळ काढायचा म्हणून ती गोष्ट रचली. ते अर्धंच खरं आहे. पहिल्या दिवशी वेळ काढायचा होता. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी उठल्यापासून अकरा वाजण्याची वाट बघायला लागलो. मलाही बोट लागते. गुरुवारी सुट्टी असते.'

खाली सही करताना तो क्षणभर थांबला, आणि लिहिलं, 'हिरवी छत्री'.

गट त्याच्यामागून कोपऱ्यापर्यंत आला. छत्री घेतलेल्या बाईंनी ती तशीच उंच धरली होती.

"ही पेटी किती जुनी हो?" कोणीतरी विचारलं.

"माहीत नाही," पोपट म्हणाला, आणि त्याने पत्र आत सोडलं.